पिस्तुलाच्या आधी

शंभर मीटरच्या निवड चाचणीत टिटवी हरली नाही, तिला धावूच दिलं नाही. स्टार्टरने "सेट" म्हटलं, आठ मुलींच्या पाठी वर उचलल्या गेल्या, पिस्तूल वाजलं आणि सगळ्या सुटल्या. नुसत्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पण पाय टेकवायच्या ठोकळ्यांना यंत्र जोडलेलं होतं आणि यंत्र म्हणालं, चौथ्या लेनमधली मुलगी सहा शतांश सेकंदात निघाली. आवाज कानात शिरून पाय हलायला माणसाला निदान दहा शतांश लागतात, असा नियम आहे. त्याच्या आत जी निघाली ती ऐकून निघालेली नाही असं धरतात. पुन्हा पिस्तूल वाजलं, सगळ्यांना परत बोलावलं, आणि चौथ्या लेनसमोर लाल कार्ड उंच धरलं गेलं.

आई प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि तीन केळी. लेन सोडून बाहेर येताना मुलीने एकदाही वर पाहिलं नाही, कमरेवर हात ठेवून ती सरळ कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. अवघ्या एकोणीस वर्षांच्या पोरीची पाठ आईला एकदम म्हातारी वाटली.

टिटवी हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. जन्मली तेव्हा अंगात पाय तेवढे होते, बाकी काही नव्हतंच. घरातलं नाव शाळेत गेलं, शाळेतून मैदानावर गेलं, आणि आता सरसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. साठीला आलेला कोरडा माणूस, गळ्यात शिट्टी आणि बोलणं मोजकं. पायऱ्या चढून ते आईजवळ आले, त्यांच्या मागून टिटवी.

"ताई, पोरगी घाबरते," ते म्हणाले. "पायात ताकद आहे, डोकं थकलेलं आहे. दुसरी चाचणी सहा आठवड्यांनी आहे. मला एक सांगा, तो डबा चालू आहे का अजून?"

डबा म्हणजे टिटवीचा कॉम्प्युटर. माझ्याकडची मुलगी एकच खेळ खेळेल, असं सरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं होतं. दोन मुलींना त्यांनी त्यावरून घरी बसवलंही होतं.

"नाही हो सर," आई म्हणाली. "तो केव्हाच बंद केला."

इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. आयुष्यभर सरळमार्गी म्हणून मिरवलेली बाई, शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखरसुद्धा लक्षात ठेवून परत करणारी. टिटवीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. सरांनी मान हलवली आणि ते पुढच्या शर्यतीकडे गेले.

खरं तर डबा रोज चालू असायचा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत एका भिंतीशी पलंग, दुसऱ्या भिंतीशी टेबल आणि टेबलावर तो. खिडकीत खिळ्यांचे बूट वाळत, खुर्चीच्या पाठीवर हेडफोन लटकत. पहाटे साडेपाचला टिटवी मैदानावर, मग कॉलेज आणि संध्याकाळी सात ते नऊ त्या टेबलापाशी. पाच जणांचा संघ होता त्यांचा. पडद्यावरच्या इमारतीत घुसायचं, समोरचे पाच जण टिपायचे. दार उघडून सगळ्यांत आधी आत शिरायचं काम टिटवीचं. त्या खेळात तिने स्वतःचं नाव "सावकाश" असं ठेवलं होतं, आणि त्या नावाची मुलगी इतकी चपळ कशी यावर त्यांच्यात कायम थट्टा चाले. ती धावते हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं, "सावकाश, तू कधी घराबाहेर पडतेस का गं?"

"पडते कधीकधी," ती म्हणाली होती.

तिकडे मैदानावर हा खेळ अजून चालू आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोन्हीकडे एकीने दुसरीचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं चाललं होतं. दोन्ही ठिकाणं माहीत असलेली माणसं घरातली दोनच, आई आणि बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दिवसभर कुणाच्या तरी बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला घरात फारसं काही बिघडलेलं दिसतच नसे. बिघडेल ते दिसायचं आईला. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उजव्या मनगटाचं दुखणं, पंधरा मिनिटांत उरकलेलं जेवण. दोन वर्षं ती मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती, एक काहीतरी सोड बाई. आणि एक काहीतरी म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आई एका रुग्णालयात ऐकू येण्याची तपासणी करत असे. एका माणसापुरती बंद खोली, चारी भिंतींना जाड गादी लावलेली, एक काचेची खिडकी. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण. आई काचेबाहेर यंत्रासमोर. ती बारीक बारीक आवाज सोडते, आत ऐकू आला की पेशंट बटण दाबतो, तिच्यासमोर दिवा लागतो. बावीस वर्षं तिने तो दिवा पाहिला होता.

चाचणीनंतरच्या सोमवारी एक निवृत्त हेडमास्तर आले. सून घेऊन आली होती. आपल्याला सगळं ऐकू येतं आणि सून मुद्दाम हळू बोलते, असं त्यांचं म्हणणं. आत बसले आणि भराभर बटण दाबू लागले. दिवा लागत होता, लागत होता, आणि मग एकदा आईने हात आवरला तरी लागला.

तिने दार उघडलं. "मास्तर, मी अजून आवाज दिलेलाच नाही."

"दिला नाहीत? मग मी काय ऐकलं?"

"ऐकलं नाहीत, मोजलंत. दर दोन सेकंदांनी आवाज येतोय हे तुम्ही ओळखलंत आणि दाबत सुटलात."

"बघा!" मास्तर सुनेकडे वळून म्हणाले. "कान गेले असतील, डोकं शाबूत आहे."

सून हसली, आईही हसली. असे पेशंट महिन्यातून चार-दोन तरी येतच. लबाड नव्हेत, नापास व्हायला घाबरणारे. त्यांच्यासाठी लय मोडायची असते. दोन सेकंद, मग पाच, मग एक, मग नुसती शांतता. तिने मास्तरांना परत बसवलं, यंत्राच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि तिचं बोट तिथेच राहिलं.

सहा शतांश. पोरगी घाबरली नव्हती. पोरगी मोजत होती.

शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर डॉक्टरबाईंची परवानगी काढून आईने टिटवीला तिथे नेलं. कारण सांगितलं नाही. "कान तपासायचेत" एवढंच.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"बस गं आत."

सुरुवातीला आईने एकसारख्या अंतराने आवाज सोडले. दिवा ठरल्या वेळी लागत गेला. मग तिने लय मोडली. पुढच्या वीस आवाजांत अकरा वेळा दिवा आधी लागला. आवाज नव्हताच, तरी लागला. काचेपलीकडे मुलगी ताठ बसली होती, डोळे मिटलेले, कपाळावर आठी, अंगठा बटणावर. इतकी एकाग्र आणि इतकी चुकत असलेली.

दार उघडून आईने यंत्रातून निघालेला कागद समोर धरला. टिटवीने तो वाचला. समजायला तिला वेळ लागला नाही.

"त्या स्टार्टरचं ठरलेलं आहे," ती म्हणाली. "सेट म्हटल्यावर एक आणि अर्धा सेकंद. सकाळपासून प्रत्येक शर्यतीला मी मोजलं होतं. दर वेळी एक आणि अर्धा."

"मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला लागतं? तिकडे तसंच असतं, आई. दाराआड कुणी आहे, त्याची पावलं वाजतात. तो कधी बाहेर येणार ते मोजायचं आणि तो दिसायच्या आधी गोळी झाडायची. दिसल्यावर झाडली तर उशीर झालेला असतो. मी त्यात चांगली आहे. आमच्या संघात सगळ्यांत चांगली आहे." मग तिचा आवाज बदलला. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता म्हण."

"मी काही बोलले का?"

"बोलायला कशाला पाहिजे? तुझ्या चेहऱ्यावर मोठ्या टाईपात छापलेलं असतं."

खोटं नव्हतं ते. दोन वर्षं घोळवलेलं वाक्य आईच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि आज तर हातात पुरावा होता, छापील, आकड्यांसकट. तिने मुलीकडे पाहिलं. गादी लावलेल्या त्या खोलीत आवाज मुळीच घुमत नाही, माणसाचा श्वासही आपल्यापाशीच राहतो. वाक्य बाहेर पडलं असतं तर तेही तिथेच राहिलं असतं, दोघींच्या मध्ये, जन्मभर.

"परत बस," आई म्हणाली. "आणि या वेळी मोजू नकोस. वाट बघ."

वाट बघणं शिकायला महिना गेला. शनिवारी रुग्णालयातली ती बंद खोली, आणि रोज संध्याकाळी घरच्या बोळात बाबा. बोळात टिटवी हात टेकून ओणवी होई, बाबा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत, "सेट" म्हणत आणि मनाला येईल तेव्हा टाळी वाजवत. एकदा टाळी वाजेचना.

"बाबा! पाय थरथरायला लागले माझे!"

"अगं हो, विसरलोच. बातमी चांगली होती."

तिघं हसली. पण तीच सर्वांत उपयोगाची टाळी ठरली, कारण टिटवी तेवढा सगळा वेळ हलली नव्हती. त्या आठवड्यात रुग्णालयातल्या खोलीत वीसपैकी दोनच चुका झाल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र गाडी उलटी फिरायला लागली. आईने ऐकायचं ठरवलं नव्हतं, पण स्वयंपाकघराची भिंत पातळ आणि टिटवीने त्या दिवशी हेडफोन काढून स्पीकर लावलेला. त्यांच्या संघाची कॅप्टन बोलत होती. बेकरीत काम करणारी, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातली मुलगी. आईने तिचा फक्त आवाज ऐकला होता.

"सावकाश, काय चाललंय तुझं? दारात उभी राहून पत्र वाचतेस का?"

"आवाज आला की मारते ना."

"आवाज येईस्तोवर आपण मेलेलो असतो. गेल्या तीन सामन्यांत तू पहिल्या दारातच पडलीस. बघ, रागावू नकोस, पण स्पर्धेला मी नवीन मुलाला पुढे घालणार आहे. तू मागे राहा. मागचा जिना सांभाळ."

"मागे मी कधी खेळले नाही."

"मग शीक."

आईच्या हातातलं ताट धुवायचं राहून गेलं. हेच तर हवं होतं तिला. खेळ आपणहून सुटत चालला होता, तिला तोंडही उघडावं लागलं नव्हतं. तरी आतून काही सैल होईना. एका बाजूची गाठ सोडवताना तिने दुसऱ्या बाजूचं काहीतरी उसवलं होतं आणि पोरीला त्याची किंमत आधी सांगितली नव्हती. सांगायला तिला तरी कुठे ठाऊक होती?

ती दारात जाऊन उभी राहिली. टिटवी पडद्याकडे पाहत होती, पडद्यावर काहीच चाललेलं नव्हतं.

"इतकं वाईट वाटतं तर..." आईने सुरुवात केली.

"मैदानावर सगळे मला बघतात, आई. माझे पाय, माझं वजन, माझी वेळ. तिथे मी नुसती कुणाची तरी लेन असते. इथे मला कुणी बघितलेलंच नाही. इथे चार माणसं माझ्या भरवशावर उभी असतात. मला दोन्ही लागतं. का लागतं ते नाही मला सांगता येत." तिने खुर्ची पुढे ओढली. "मागचा जिना शिकते. बघू."

दुसऱ्या चाचणीला स्टार्टर तोच होता, पण त्या दिवशी त्याची लय ठिकाणावर नव्हती. टिटवीच्या शर्यतीत त्याने "सेट" म्हटलं आणि इतका वेळ थांबला की पायऱ्यांवर आईचाच तोल गेला. तिसऱ्या लेनमधली मुलगी सुटली. लाल कार्ड. ती मुलगी रडत बाहेर गेली. पुन्हा सगळ्या ओणव्या झाल्या. आईने डोळे मिटून घेतले, मग उघडले. टिटवी हलली नव्हती. पिस्तूल वाजलं, आणि उरलेल्या सात जणींत ती सर्वांत शेवटी निघाली.

पहिल्या तीस मीटरला सहावी. साठला चौथी. मग ते लांब पाय कामाला लागले. रेषेवर ती तिसरी आली.

शंभर मीटरसाठी दोघींची निवड होणार होती, रिलेसाठी चौघींची. म्हणजे रिले मिळाली, शंभर हुकली. फरक एका हाताच्या लांबीचा. सर मात्र खुशीत होते. आईजवळ येऊन त्यांनी चक्क हात जोडले. "बघितलंत ताई? भीती गेली. डबा बंद केल्याचा परिणाम आहे हा. उद्या रिलेची यादी पाठवतो."

आईने हसल्यासारखं केलं.

"बंद नाही केला, सर," मागून आलेली टिटवी म्हणाली. अजून तिला धाप लागलेली होती. "रोज खेळते मी. मागच्या वेळी मी घाबरले नव्हते. मोजत होते. ते तिकडेच शिकले होते. आता ऐकायला शिकले."

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "उद्या सकाळी ये," एवढं म्हणून ते निघून गेले.

घरी येताना वळणावर आईने विचारलं, "कशाला बोललीस? मी सांभाळून घेतलं होतं ना."

"माहितेय."

"तुझ्यासाठीच खोटं बोलले मी."

टिटवीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "माझ्यासाठी बोललीस की सरांसमोर तुला बरं दिसायचं होतं, ते मला कळलं नाही, आई. पण तुझं खोटं सांभाळायला तेव्हापासून मला दोन ठिकाणी लपायच्या ऐवजी तीन ठिकाणी लपावं लागत होतं. घरीसुद्धा."

पोरीचं मनगट, पोरीचे डोळे, पोरीचं जेवण, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं आईने. हे मात्र नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिटवीबरोबर मैदानावर गेली. "तू नको येऊस" असं मुलगी दोनदा म्हणाली, तरी गेली. सर ट्रॅकवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत होते.

"सर," आई म्हणाली, "खोटं मी बोलले. ती नाही बोलली. तिला काढायचं असेल तर त्या मुद्द्यावर काढू नका."

सर उठून उभे राहिले. गुडघे झाडले. "ताई, तुमच्याकडून नव्हती अपेक्षा."

"माझीही नव्हती."

सर बराच वेळ चिकटपट्टीच्या गुंडाळीचं टोक नखाने शोधत राहिले. मग टिटवीला म्हणाले, "डबा मला आवडत नाही. आजही नाही. रिलेच्या शिबिराचे पंधरा दिवस तो बंद, आणि बंद म्हणजे बंद. नंतर तुझं तू बघ. आणि आणखी काही लपवलंस तर शेजारच्या मैदानावर जायचं."

"हो, सर."

"शंभर मीटर यंदा नाही तुला. राखीवमध्येही टाकत नाही."

टिटवीने मान हलवली. तिचा चेहरा उतरला आणि तिने तो लपवला नाही.

"रिलेला दुसरी धावशील. तिथे पिस्तूल नाही. मागून येणारी या पट्टीवर पाय टाकेल, तेव्हा तू निघालेली पाहिजेस. ती कधी पोचणार ते आधी ओळखायचं. वाट बघत बसलीस तर बॅटन पाठीत बसेल. मोजता येतं ना तुला? मग मोज."

घड्याळात साडेसहा झाले होते. दहाला आईचा पहिला पेशंट होता. ती कुंपणाला टेकून उभी राहिली. लांबच्या वळणावरून एक मुलगी बॅटन घेऊन सुटली. टिटवी तिच्याकडे मान वळवून ओणवी झाली. धावत येणारीचा पाय पट्टीजवळ आला, आणि टिटवी गेली. बरोबर गेली की लवकर, ते आईला काही कळलं नाही. मागचा हात पुढच्या हातापर्यंत पोचला नाही; बॅटन जमिनीवर पडलं, टणटण वाजत गवतापर्यंत गेलं.

"लवकर!" सर ओरडले. "परत."

टिटवी वाकली, बॅटन उचललं आणि चालत आपल्या जागेवर आली.